हरवलेले शोधताना उरलेलेही जाते

लग्नसराईत चिखली, मेहकर, मलकापूर किंवा खामगावातल्या कोणत्याही फोटो स्टुडिओत एकेका मेमरी कार्डावर हळदीपासून पाठवणीपर्यंतचे अख्खे लग्न असते. कृषी केंद्राच्या संगणकात खरिपाच्या बियाण्या-खतांची उधारी असते, अडत्याकडे कापूस-सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या असतात आणि आपले सरकार सेवा केंद्राच्या डेस्कटॉपवर गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डे, सातबारे, उत्पन्नाचे दाखले स्कॅन करून ठेवलेले असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत रोजचा व्यवहार आता असाच चालतो आणि या माहितीची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. मग एके दिवशी कार्ड लावल्यावर पडद्यावर ‘आधी फॉरमॅट करा’ असा निरोप येतो, किंवा कुणीतरी घाईत फॉरमॅट मारून बसतो. त्यानंतर जे घडते ते ठरलेले आहे. यूट्यूबवर ‘डेटा रिकव्हरी फुल व्हर्जन फ्री’ असे टाकायचे, व्हिडिओखालची लिंक उघडायची, झिप फाइल उतरवायची, तिच्यासोबत दिलेला पासवर्ड टाकायचा आणि व्हिडिओतला माणूस सांगतो म्हणून पाच मिनिटांसाठी अँटीव्हायरस बंद करायचा. हे सारे कशासाठी, तर परवान्याचे काही हजार रुपये वाचावेत म्हणून.

अशा क्रॅकविरुद्ध, म्हणजे परवाना मोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरविरुद्ध, नेहमी नीतीचा मुद्दा मांडला जातो आणि तो खोटा नाही. पण ज्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले आहेत, त्याला त्या घटकेला नीती शिकवून उपयोग नसतो. त्याच्यापुढे ठेवायला हवा तो निव्वळ नफ्यातोट्याचा हिशोब. चोरीच्या सॉफ्टवेअरचे अनेक प्रकार आहेत, त्यांत रिकव्हरीचे सॉफ्टवेअर हा सर्वांत आतबट्ट्याचा सौदा आहे. जे परत येण्यासारखे असते, ते बहुतेक वेळा फुकट आणि अस्सल साधनानेही येते. जे परत येण्यासारखे उरलेलेच नसते, ते क्रॅक केलेल्या ‘फुल व्हर्जन’नेही येत नाही. म्हणजे क्रॅक वापरणारा धोका पुरेपूर पत्करतो आणि बदल्यात त्याच्या पदरात नवे जवळजवळ काहीच पडत नाही.

हे पटण्यासाठी फाइल डिलीट होते म्हणजे नेमके काय होते, ते पाहायला हवे. संगणक फाइलचा मजकूर एका जागी ठेवतो आणि ती फाइल कुठे आहे याची नोंद दुसऱ्या जागी. डिलीट केल्यावर बदलते ती फक्त नोंद. मेमरी कार्डावरच्या जुन्या फॅट पद्धतीत तर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक खूण केली जाते आणि ती जागा ‘मोकळी’ धरली जाते. सातबाऱ्यावरचे नाव खोडले तरी शेतातले पीक उभेच असते, तसा मजकूर जागच्या जागी असतो. त्यात दुसऱ्याने नांगर घातला की मात्र संपले. संगणकाच्या बाबतीत हा नांगर म्हणजे त्याच डिस्कवर लिहिली जाणारी कोणतीही नवी फाइल. त्यामुळे फाइल परत मिळणार की नाही, हे सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा फाइल गेल्यानंतर त्या डिस्कवर किती लिहिले गेले यावर ठरते. आता क्रॅक शोधणाऱ्याची वाट आठवून पाहा. तो गेलेल्या फाइलच्याच डिस्कवर तासभर ब्राउझर चालवतो, त्याच डिस्कवर झिप उतरवतो, तिथेच उघडतो, तिथेच बसवतो. पहिला क्रॅक चालला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. त्यात विषाणू एकही नसला, तरी हरवलेल्या फाइलच्या जागेवर नवे लिहून तिला कायमचे पुसण्याचे काम तो स्वतःच करत असतो.

दुसरी गोष्ट अशी की काही ठिकाणी कोणत्याच सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. फाइल डिलीट होताच विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ नावाचा आदेश देते आणि एसएसडी ती मोकळी झालेली जागा आतल्या आत खरोखरच रिकामी करून टाकते. त्यानंतर वाचायला काही उरतच नाही. हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर बिघाड यंत्रात आहे. तिच्यातले वाचक टोक तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते बिघडल्यावर डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली की तबकडीच खरवडली जाते. अशी डिस्क धूळविरहित प्रयोगशाळेतच उघडावी लागते. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ म्हणणारा क्रॅकवाला यातले काही सांगत नाही, कारण त्याला तुमची डिस्क ठाऊक नसते आणि ती ठाऊक करून घेण्यात त्याला रसही नसतो.

उरतात ती साधी प्रकरणे: मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झाले, पेनड्राइव्ह वाचला जाईना, फिरत्या हार्ड डिस्कवरचे फोल्डर उडाले. जिल्ह्याच्या गावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारी बरीच प्रकरणे या जातीची असतात आणि त्यांच्यासाठी अस्सल साधने फुकट मिळतात. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरची टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही साधने मुक्त स्रोत प्रकारातली आहेत. त्यांचा कोड कुणालाही तपासता येतो आणि की किंवा पॅच टाकण्याचा प्रश्नच येत नाही. फोटोरेक बिघडलेल्या नोंदींकडे पाहतच नाही. प्रत्येक जेपीजी फाइल ठराविक बाइट्सनी सुरू होते, ती खूण शोधत ते सबंध कार्ड चाळते. त्यामुळे मूळ नावे जातात, हजार फोटो आकड्यांच्या नावांनी येतात आणि ते लावत बसावे लागतात. पण फोटो येतात. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विंडोज फाइल रिकव्हरी हे साधन मोफत दिले. ते आदेश टाइप करून चालवावे लागते. बटणांवर टिचक्या मारत काम करायचे असेल त्याच्यासाठी रिकुव्हाची मोफत आवृत्ती आहे. विकत मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या तर डिस्क चाळून परत येणाऱ्या फाइल्स आधीच दाखवतात आणि पैसे नंतर मागतात. फाइल डोळ्यांनी पाहिल्यावर परवाना घ्यायचा की नाही हे ठरवता येते. अशी सोय फार थोड्या धंद्यांत मिळते. विकतचे सॉफ्टवेअर काही अवघड प्रकरणांत फुकटच्या साधनापेक्षा सरस ठरते हे मान्य केले पाहिजे. पण ते तुमच्या प्रकरणात सरस ठरणार का, हे कळायला क्रॅकची गरज पडत नाही.

आता क्रॅक काय मागतो ते पाहू. रिकव्हरी सॉफ्टवेअरला डिस्क मुळापासून वाचावी लागते, म्हणून त्याला संगणकाचे सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. अस्सल सॉफ्टवेअरही ते मागते. त्यामुळे विंडोजने ‘परवानगी द्यायची का?’ असे विचारले तर संशय येत नाही, माणूस ‘येस’ दाबतो. झिपला पासवर्ड असतो, कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला डोकावता येत नाही. मग तोही बंद करायला सांगतात. घरात शिरायला एवढी मोकळीक चोराला सहसा मिळत नाही. त्यात समोरचा माणूस घाबरलेला, घाईतला आणि एरवी जे करणार नाही ते करायला तयार झालेला असतो. गुन्हेगाराला याहून सोयीचे गिऱ्हाईक मिळणे कठीण.

हा धोका कल्पनेतला नाही. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे खंडणीचे सॉफ्टवेअर २०१८ पासून जगभर पसरले, ते मुख्यतः क्रॅक, पॅच आणि की-जनरेटरांतून. मोठ्या कंपन्यांऐवजी घरगुती संगणकवाले आणि छोटे दुकानदार हेच त्याचे भक्ष्य होते. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला. तेव्हा खात्रीने नोंदलेले बळी १,१६,००० होते आणि प्रत्यक्ष आकडा ४,६०,००० च्या घरात असावा असा त्या कंपनीचा अंदाज होता. भारत हा सर्वाधिक झळ बसलेल्या देशांपैकी एक होता. क्रॅक चालवला की पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी येते. माणूस अपडेट संपण्याची वाट बघत बसतो आणि तेवढ्या वेळात मागे एकेका फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबीचा भाग कुलूपबंद होत जातो. एवढा भाग गेला तरी फोटो किंवा वर्डची फाइल उघडत नाही. विंडोजने आपणहून जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसल्या जातात. शेवटी एक चिठ्ठी उरते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. त्या वेळच्या दराने ही ‘सवलतीची’ रक्कमही ३५ हजार रुपयांच्या आसपास जात होती. गेलेली असते एक फाइल किंवा एक कार्ड. या वाटेने गेल्यावर अख्ख्या संगणकातले सगळेच गमावले जाते.

यावरही कडी म्हणावी असा प्रकार जून २०२० मध्ये उघड झाला. स्टॉप-डीजेव्हीयूने लुटलेल्या लोकांसाठी ‘फाइल मोफत सोडवून देतो’ असे सांगणारे एक साधन इंटरनेटवर फिरू लागले. ते स्वतःच झोरॅब नावाचे खंडणीचे सॉफ्टवेअर होते. आधीच कुलूपबंद झालेल्या फाइल्सना ते दुसरे कुलूप लावत असे. गमावलेले परत मिळवण्याची धडपड हीच गुन्हेगारांच्या लेखी स्वतंत्र बाजारपेठ आहे, हे यावरून दिसते. एकदा नाडलेला माणूस दुसऱ्यांदा नाडायला सोपा असतो, एवढा साधा त्यांचा हिशोब.

खंडणीवाले निदान आपण आलो आहोत हे सांगतात. त्यांच्याहून वाईट ते, जे गुपचूप येऊन निघून जातात. क्रॅकसोबत येणारी माहितीचोर सॉफ्टवेअरे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या खुणा उचलून पाठवतात. लॉगिनची खूणच हाती लागली तर कित्येक ठिकाणी नव्याने ओटीपीही मागितला जात नाही. अशांपैकी ल्युमा या सॉफ्टवेअरविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी मे २०२५ मध्ये कारवाई केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातल्या ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. हे घरच्या संगणकात शिरले तर एका कुटुंबाचे नुकसान होते. सेवा केंद्राच्या किंवा पतसंस्थेच्या संगणकात शिरले तर ज्यांनी आयुष्यात कधी माउस हातात धरला नाही, अशा कास्तकारांची कागदपत्रेही त्यात जातात. फोटो वाचवायला निघालेल्याने स्वतःच्या वतीने जोखीम घेतली असेल. त्या कास्तकारांना मात्र कुणी विचारलेले नसते.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो: वर्षानुवर्षे क्रॅक वापरतोय, काही झाले नाही. हे खरे असू शकते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने आशियातल्या आठ देशांतून गोळा केलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरची तपासणी करून २०१७ मध्ये अहवाल दिला. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांत घातक सॉफ्टवेअर निघाले. हा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या पैशाने झाला होता, म्हणून आकडा थोडा हात राखून घ्यावा. पण तो जसाच्या तसा धरला, तरी तीनपैकी दोन वेळा काहीच होत नाही, आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी का असते तेही कळते. शिवाय माहितीचोर काम करून गेला तर ‘काही झाले’ हे कळणार तरी कसे? काही महिन्यांनी खात्यातून पैसे गेले, तर त्याचा संबंध कुणी दिवाळीत चालवलेल्या क्रॅकशी जोडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे: क्रॅकमध्ये विषाणू नसला तरी अँटीव्हायरस तो पकडतोच, मग त्याच्या ओरडण्यावर विश्वास काय ठेवायचा? यातही तथ्य आहे. निव्वळ परवाना मोडणाऱ्या साधनांनाही अँटीव्हायरस संशयितांत धरतात. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. खरा आणि खोटा इशारा वेगळा करण्याचे साधन तुमच्याकडे नसेल, तर इशारा दुर्लक्षिण्याचा आधारही तुमच्याकडे नसतो. तिसरा आक्षेप दुकानातल्या तंत्रज्ञाचा: मी नेट बंद करून चालवतो. स्टॉप-डीजेव्हीयूला त्याने फरक पडत नव्हता. सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर ते स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरून फाइल्स बंद करत असे. चोरलेली माहिती तेवढ्यापुरती बाहेर जात नाही इतकेच. नेट पुन्हा सुरू झाले की तीही वाट मोकळी.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तालुक्याच्या गावात दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्याला दर वर्षी चार-पाच परवाने घेणे परवडत नाही, आणि गिऱ्हाईकही ‘फक्त फोटो काढून द्यायचे तर एवढे पैसे?’ म्हणत घासाघीस करते. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीप्रमाणे २०१७ मध्ये भारतातल्या संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. कंपन्यांच्या संघटनेचा आकडा म्हणून त्यातले काही वजा केले, तरी ही सवय एकट्यादुकट्याची नाही हे उघड आहे. पण गरिबीचा युक्तिवाद तिथे लागू पडतो, जिथे फुकट पर्याय नसतो. इथे तो आहे. कायदाही दुकानदाराच्या बाजूने नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची सॉफ्टवेअर प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. ही सवलत घरगुती वापरापुरती आहे. गिऱ्हाईकाकडून रिकव्हरीचे पैसे घेणाऱ्याला ती मिळत नाही.

मराठी मुलखात दुरुस्तीच्या दुकानाची दुसरी परंपराही आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत. गिऱ्हाईकांचे संगणक विषाणूंनी बिघडून येऊ लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ते साफ करणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९९० च्या दशकात या दुकानातून जे उभे राहिले, ते पुढे क्विक हील झाले. प्रत्येक दुकानदाराने कंपनी काढावी असे नाही. पण संगणकाला काय झाले आहे हे आधी ओळखायचे आणि मग हात घालायचा, ही दुकानदाराची खरी विद्या आहे आणि रिकव्हरीत पैसे तिचेच घ्यायला हवेत, सॉफ्टवेअरचे नव्हे.

ही विद्या फार अवघड नाही. फाइल गेल्याचे कळताच त्या डिस्कवरचे काम थांबवायचे. कॅमेऱ्यातले मोठे एसडी कार्ड असेल तर काढून त्याच्या बाजूची लॉकची कळ सरकवायची, म्हणजे त्यावर चुकून काही लिहिले जात नाही. साधन दुसऱ्या संगणकावर आणि त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवायचे. शक्य असेल तर आधी सबंध कार्डाची किंवा डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि शोधाशोध त्या प्रतीवर करायची. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठीच आहे. सापडलेल्या फाइल्स त्याच कार्डावर कधीच साठवायच्या नाहीत. डिस्क आवाज करत असेल तर बंद करून तशीच ठेवायची आणि प्रयोगशाळेचा खर्च झेपतो का हे शांतपणे ठरवायचे. गिऱ्हाईकाने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: कोणते साधन वापरणार, मूळ कार्डावर काही लिहिले जाणार का, आणि माझ्या फाइल्सची प्रत तुमच्याकडे किती दिवस राहणार? क्रॅक आधीच चालवून झाला असेल आणि फाइल्स बंद झाल्या असतील, तर संगणक नेटवरून तोडावा, पण कुलूपबंद फाइल्स पुसू नयेत. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर आज नसलेला उतारा उद्या येऊ शकतो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तात्काळ कळवावे आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

हे सगळे मात्र फाइल गेल्यानंतरचे शहाणपण झाले. ज्या रकमेसाठी माणूस क्रॅकच्या मागे लागतो, तेवढ्यात एक बाहेरची हार्ड डिस्क येते. स्टुडिओने ती घेतली, कार्डावरचे लग्न त्याच रात्री तिच्यावर उतरवले आणि अल्बम गिऱ्हाईकाच्या हाती पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट न करण्याचा नियम पाळला, तर रिकव्हरीची वेळ क्वचितच येईल. सेवा केंद्राने आणि कृषी केंद्राने आठवड्यातून एकदा प्रत काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवली, तर खंडणीवाल्याच्या चिठ्ठीला उत्तर द्यायची गरज उरणार नाही. ‘दुसरा इलाज नव्हता म्हणून क्रॅक वापरला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण इलाज आधीही असतो आणि नंतरही. फाइल गेल्यावरच्या पहिल्या घाईत तेवढा तो सुचत नाही, आणि क्रॅकवाल्याचा सगळा धंदा त्या घाईवर चालतो.